नरसय्याकाकांचं विंडोज, माझं लिनक्स

टॉवेलच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत: सुताची धूळ आणि किस्से. धूळ निदान नाकात जाते, म्हणून लक्षात राहते. किस्से मात्र कुणीतरी लिहून ठेवावे लागतात.

सात वर्षं जर्मनीत शिकून मी सोलापूरला परत आले, ती डिग्री आणि लिनक्स घेऊन. सॉफ्टवेअर सगळ्यांचं असावं, ज्ञान कुणी अडवून ठेवू नये, एकाची फाइल कुठल्याही मशीनवर उघडावी, हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते. बाबांच्या कारखान्यात डिझाइनचे दोन कॉम्प्युटर होते, दोन्हींवर विंडोज. मी म्हटलं, दोन्हींवर लिनक्स टाकू. आमचे डिझायनर नरसय्याकाका तीस वर्षं टॉवेलांवर मोर काढतायत. ते म्हणाले, "टाक की. मी उद्यापासनं घरी बसतो."

मग बाबांनी तोडगा काढला. एक मशीन काकांचं, एक माझं. "गुढीपाडव्याला बघू कुठलं ठेवायचं. पण लिनक्सवरची एक जरी ऑर्डर चुकली, तर दोन्हीकडे विंडोज. आणि तुझं लेक्चर कायमचं बंद!"

लिनक्स गेलं असतं तर परत आणता आलं असतं. लेक्चर बंद म्हणजे फारच झालं.

*

काकांना पहिलं लेक्चर मी त्याच दिवशी दिलं.

"काका, लिनक्स फुकट आहे!"

"मग विंडोज कुटं इकत घेतलंय? कॉम्प्युटरवाल्यानं टाकून दिलंय की."

ही चोरी कशी होते, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्या तुझ्या लिनक्सचा मालक कोण?"

"कुणीच नाही! जगभरचे लोक मिळून करतात. ते सगळ्यांचंच!"

काका बाबांकडे वळले. "सोसायटी हाय म्हना की. बुडतीय बगा!"

*

काकांनाही मी लिनक्सवर खातं उघडून दिलं आणि त्यांच्या जुन्या डिझाइनच्या फायली त्यात टाकल्या. विसरू नयेत म्हणून पासवर्ड ठेवला काकूंचं नाव.

त्याच आठवड्यात काका वैरागला साडूंच्या घरी गेले. मीही त्या दिवशी बाहेरगावी, फोन बंद. इकडे माग सांभाळणाऱ्या रशीदभाईंना काकांच्या खात्यातली एक फाइल हवी होती. त्यांनी फोन लावला. काका पाहुण्यांच्या गराड्यात! लग्नाला अडतीस वर्षं झाली, बायकोला "अगं" सोडून दुसरी हाक मारलेली नाही.

"पासवर्ड क्या है, काका?"

"ते... हितं सांगता येत न्हाई."

"माग बंद है, काका!"

"मग तुज्या भाभीला फोन कर. तिचं नाव तिलाच इचार."

रशीदभाईंनी काकूंना फोन केला. "भाभी, अपना नाम बताओ. मशीन चालू करना है."

काकूंनी नाव सांगितलं. वर विचारलं, "आडनाव पण लागतं का?"

आता त्या गल्लीभर सांगतात, "माझं नाव घेतल्याबिगर कारखाना चालू होत न्हाई."

*

खंडेनवमीला काकांनी दोन्ही कॉम्प्युटरांची पूजा केली. स्वतःच्या मशीनला झेंडूचा हार. माझ्या मशीनला हार आणि शिवाय लिंबू-मिरची.

"हे कशाला?"

"रोज काळ्या पडद्यावर कायबाय टाइप करत बसतीस. गिऱ्हाईक भितंय. परवा करमाळ्याचा व्यापारी चपला काढून आत आला!"

मी अंधश्रद्धेवर लेक्चर दिलं. ते चालू असतानाच प्रिंटर खडखडला. दोन महिने लिनक्सला दाद न देणारा तो प्रिंटर. एकापाठोपाठ अकरा पानं बाहेर आली.

मी शिकलेली मुलगी आहे. प्रिंटर का चालला, याची तीन कारणं मी सांगू शकते.

लिंबू सुकलं की बदलतं मात्र कोण? मी.

*

माघात मंद्रूपच्या आप्पांची ऑर्डर आली. मुलीच्या लग्नात आहेराचे दोनशे टॉवेल, दोन्ही काठांना मोर. बाबांनी पहिल्यांदाच इतकी मोठी ऑर्डर लिनक्सवर दिली. मी जीव ओतून मोर काढले आणि फाइल पेनड्राइव्हवर टाकली. मग सहज गंमत म्हणून मोरांच्या जागी लिनक्सचं चिन्ह असलेला पेंग्विन बसवून पाहिला. तीही फाइल त्याच पेनड्राइव्हवर गेली.

रशीदभाईंचा नियम साधा: सगळ्यात नवी फाइल म्हणजे आजचा माल.

टॉवेल घडी घालून, काठ आत दुमडून पॅक झाले. लग्नाला बाबा, काका आणि मी गेलो. मांडवात आहेर सुरू झाला. एकेका मानकऱ्याच्या खांद्यावर टॉवेल पडत गेला, आणि प्रत्येक टॉवेलावरून चार चार पेंग्विन माझ्याकडे बघायला लागले!

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

शेजारचे एक म्हातारबाबा काठ डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "आप्पा, ह्ये कसलं पाखरू म्हनायचं? काळा कोट, पांढरा सदरा..."

आप्पांनी टॉवेल हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. मग छाती फुगवून म्हणाले, "जावई वकील हाय न्हवं आमचा!"

परत येताना मी गाडीत रशीदभाईंना फोन केला. "भाई, मोरांच्या जागी हे काय विणलं? विचारायचं तरी!"

"बेटी, तू इतना पढ़के आई. मैं समझा, सोचके ही बनाया होगा."

*

पाडव्याला निकाल होता. ऑर्डर चुकली होती, त्यात वाद नव्हता. बाबा म्हणाले, "ठरलं होतं ते ठरलं होतं." मी लिंबू सोडायला उठले.

तेवढ्यात काकांनी वही उघडली. "थांब की. सोलापुरातनं, बार्शीतनं, करमाळ्यातनं ऑर्डरी हायत. सगळी वकिलांची लग्नं. मोर कुनालाच नको, पाखरूच पायजे." मग चष्मा वर करून त्यांनी मला विचारलं, "पोरी, हे पाखरू माज्या विंडोजवर निघंल का?"

बाबा, काका, रशीदभाई तिघेही माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "नाही, काका. ते फक्त लिनक्सवरच निघतं."