हलणारं टेबल

ग्लेनिस पॅस्कोने उभा जन्म ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मुंटा गावच्या बेकरीत खिमा-बटाटा भरलेल्या पास्टीच्या कडा मुडपण्यात घालवला. त्यामुळे साठी उलटल्यावर आम्ही दोघींनी गावच्या हॉलमधल्या व्हिडिओच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा मातीचा कुत्रा तिच्या हातून सुरेख उतरला. माझी मांजर बटाट्यावर गेली होती.

शिकवणारा तुएन आमच्या नातवंडांच्या वयाचा. मातीची आकृती केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. असे शेकडो फोटो भराभर पळवले की माती चालू लागते. विषय त्यानंच दिला होता, आनंद.

"त्यात काय विचार करायचा?" ग्लेनिस म्हणाली. "मी दार उघडते आणि वॉली शेपूट हलवतो. झाला आनंद."

वॉली तिचा कुत्रा, तांबूस, म्हातारा आणि महाखादाड. नवरा गेल्यापासून घरात बोलायला तेवढाच जीव होता. आणि नेमकं त्याच महिन्यात मालकाने तिचं भाड्याचं घर विकलं. दुसरं मिळेना. शेवटी मी राहते त्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत माझ्या शेजारची जागा रिकामी झाली, पण तिथे कुत्रा चालत नाही. मी तिथल्या व्यवस्थापकबाईंशी कडाकडा भांडले. बाई गोड हसून म्हणाल्या, "मर्ल, नियम काही मी केलेला नाही." कुणी केला ते सांगेनात, नाहीतर त्याच्या दारात ठाण मांडून बसले असते.

वॉलीला शनिवारी ग्लेनिसचा दीर कीथ आपल्या मेंढ्यांच्या फार्मवर नेणार होता. फिल्म त्याआधी पुरी करायची, वॉली पायाशी असतानाच, एवढाच ग्लेनिसचा हट्ट होता. तेवढंही होईना.

कारण वॉलीच. ती घरच्या टेबलावर मातीचा कुत्रा हलवायची आणि सवयीने पुटपुटायची, "शाबास, राजा." टेबलाखाली वॉलीला वाटे, हे आपल्यालाच. मग त्याची शेपूट टेबलाच्या पायावर धपाधप आपटायची, वर फोटोसाठी उभा केलेला फोन हलायचा, फोटो हलायचा.

"अगं, तोंड मीट की जरा!" मी म्हणायची.

"मी कुठे बोलले?"

"आत्ता बोललीस. त्याला अंगणात बांध, नाहीतर जन्मात संपणार नाही हे."

"शेवटचे चार दिवस बांधून ठेवू त्याला?" ती म्हणाली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

शनिवार उजाडला. दार उघडण्याचा शेवटचा प्रसंग तसाच राहिला होता. कीथने गाडी आणली. वॉलीला वाटलं, फिरायला निघालो. स्वतःहून उडी मारून मागे चढला आणि शेपूट अशी हलवत बसला की कीथसुद्धा मान वळवून उभा राहिला. ग्लेनिस म्हणाली, "त्याला चीज घालू नकोस रे, पोट बिघडतं." याहून दुसरं काही तिला सुचलं नाही. गाडी वळणापर्यंत गेली तरी त्याची शेपूट हलतच होती.

रविवारी तिने राहिलेला प्रसंग उरकला. एका दुपारात झाला.

वर्गात सगळ्यांच्या फिल्मा भिंतीवर दाखवल्या. ग्लेनिसच्या फिल्ममध्ये सुरुवातीपासून सगळं थरथरत होतं. घर थरथरे, झाड थरथरे, कुत्राही थरथरे. वर्गातली तरुण पोरं हसली. मग दार उघडायचा प्रसंग आला आणि चित्र दगडासारखं स्थिर झालं. मातीची शेपूट डावीकडून उजवीकडे सुबक हलू लागली. टाळ्या पडल्या.

"बघा, शेवटी तुमचा हात बसला!" तुएन खूश होऊन म्हणाला. "आता पहिला भागही असाच पुन्हा काढा ना. मी मदत करतो."

"नको रे पोरा," ग्लेनिस म्हणाली. "चांगला भाग तो पहिलाच आहे."

त्याला कळलं नाही. कळावं कसं? त्याने फिल्म पुन्हा लावली. दार उघडलं, शेपूट हलली आणि माझ्या शेजारी ग्लेनिस सवयीने पुटपुटली, "शाबास, राजा."

आमचे दोघींचे हात समोरच्या टेबलावर होते. टेबल हललं नाही.