प्रज्ञाच्या स्केट्सना एक चाक कमी

आमच्या भोसरीच्या गल्लीत किस्से शोधायला जावं लागत नाही. नळाशी पाण्याची वाट बघत उभं राहिलं की आपोआप साठतात. गेल्या आठवड्यात तिथंच कानावर आलं, "कांबळ्यांची प्रज्ञा स्केट्स सोडतेय म्हणे. स्कूटर बुक झाली, कारण तिच्या आईनं..." एवढ्यात पाणी आलं आणि सांगणारी हंडा भरायला पळाली. आता पुढचं कळल्याशिवाय मला जेवण जाणार का?

प्रज्ञा आमच्या शेजारची. एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि रोज पायाला चाकं बांधून कामावर जाते. शेअर रिक्षात अर्ध्या मांडीवर बसण्यापेक्षा हे बरं, म्हणते. तिची आई शोभाताई मात्र लेक परत येईपर्यंत जीव मुठीत धरून असतात. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलेलं, "ह्या झिजल्या की संपलं. नव्या घरात येणार नाहीत."

आणि स्केट्स तर झिजतच चालल्या होत्या.

*

प्रज्ञाचे वडील, कांबळेभाऊ, टर्नर आहेत. लेकीची चाकं एका बाजूनं घासलेली बघून त्यांनी बायकोला पत्ता लागू न देता वर्कशॉपमध्ये नायलॉनची चाकं लेथवर काढून आणली. फिनिशिंग असं, की चाकात बघून भांग पाडून घ्यावा.

प्रज्ञा ती घालून उतारावर निघाली आणि थांबेचना! टपरी गेली, पिठाची गिरणी गेली, शेवटी गल्लीतल्या आबांच्या गोठ्यात म्हशीच्या गळ्यात पडून थांबली. म्हैस बिचारी रवंथ करत राहिली.

भाऊंनी चाक हातात घेऊन, फिरवून, उजेडात धरून बघितलं. म्हणाले, "ह्या जॉबमध्ये काही फॉल्ट नाही. रस्ता खराब आहे."

*

कंपनीच्या गेटवर वेगळीच तऱ्हा. नवा वॉचमन म्हणाला, स्टिकर नसलेलं वाहन आत जाणार नाही. प्रज्ञानं स्केट्स काढून हातात घेतल्या, तर म्हणे बुटांशिवाय माणूसही आत जाणार नाही. शेवटी त्यानं तिच्या हेल्मेटवर दुचाकीचं स्टिकर चिकटवलं आणि तिला रोज बाईकच्या रांगेत उभी करायला लागला.

मी म्हटलं, तुझी तर आठ चाकं, मग ट्रकच्या गेटनं कसं नाही पाठवलं?

"काकू, हळू बोला," ती म्हणाली. "त्याला अजून सुचलं नाहीये."

*

शेवटी जुन्या स्केट्सनी जीव सोडला आणि बापलेकीनं नव्या आणल्या. ज्वारीच्या पोत्यात लपवल्या होत्या. शोभाताईंनी नेमकी त्याच दिवशी ज्वारी काढली.

आवाज ऐकून मी गेलेच. आबाही आले. ते मूळचे गावातले, गल्लीतल्या निम्म्या खोल्या त्यांच्याच. त्यांनी नवी स्केट उलटी केली. जुन्या स्केटला चार चाकं होती, हिला तीनच.

"येक चाक दुकानदारानं ढापलं की गं पोरी."

प्रज्ञा सांगत होती, ही चाकं मोठी असतात, खड्ड्यात अडकत नाहीत, म्हणून तीनच असतात. कुणाला पटतंय! भाऊ तर चौथं कुठं बसेल ते टेप लावून बघायला लागले. आणि शोभाताई, ज्या आता स्केट्स गटारात फेकतील म्हणून मी पदर खोचून उभी होते, त्या चपला घालून दारात.

"माझ्या पोरीला फसवतो? चल, दुकान दाखव. दोन्ही चाकं वसूल करून आणते."

त्या भरात नव्या स्केट्स घरात राहिल्या.

*

तरी स्कूटर बुक झालेलीच होती. रविवारी सकाळी ती आली. नळावरचं ऐकलेलं अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खालून शोभाताई स्कूटरवर चालल्या होत्या, लेकीच्या सोबतीनं कंपनीपर्यंत जायचं म्हणून शिकत. डोक्यावर प्रज्ञाचं हेल्मेट, दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवत, स्कूटर कशीबशी पुढं सरकतेय. मागं भाऊ कॅरिअर धरून धावताहेत. शेजारून नव्या चाकांवर प्रज्ञा, एका हातानं हँडल सरळ करतेय. मध्येच ती दोन हात पुढं गेली.

शोभाताईंनी हॉर्न दाबला.

"सावकाश चल गं, पडशील!"