उंबऱ्यावर आडवी पडलेली आपा

नरीन गावच्या कॉलेजात म्हाताऱ्या झुराकान आपाच्या हातचं न जेवलेला विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. खाणावळीत डाव घेऊन ती उभी राहिली की वाढता वाढता प्रत्येकाला काहीतरी सुनवायचीच. बारीक मुलीला म्हणायची, "वाऱ्यानं उडून जाशील." जाड्या पोराला म्हणायची, "दाराचं माप घेऊन ठेव." आणि दोघांच्या ताटात सारखंच वाढायची.

तिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. फक्त एका गोष्टीबद्दल ती चकार शब्द काढत नसे. तिला तिच्या नवऱ्यानं पळवून आणलं होतं. शिवणाच्या वर्गाहून घरी निघालेली पोर, रस्त्यात गाडी थांबली, चौघांनी उचलून आत टाकली, आणि संध्याकाळी डोक्यावर नवरीचा पांढरा रुमाल. गल्लीतल्या निम्म्या बायका अशाच आलेल्या, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. नवरा माणूस वाईट नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, पगार आणून हातात द्यायचा, आणि मेला तेव्हा ती खरोखर रडली. पण तीच तर पंचाईत होती. वाईट असता तर निदान मोकळेपणी शिव्या घालता आल्या असत्या.

त्या शरद ऋतूत खाणावळीच्या खिडकीशी चोलपोन येऊन उभी राहिली. चोलपोन म्हणजे शेवटच्या वर्षाची चष्मेवाली मुलगी, जिला एकदा डोक्यात काही घेतलं की झोप येत नाही. शहरातल्या एका महिला मदत संस्थेनं विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, मुली पळवण्याविरुद्ध एका मिनिटाची जाहिरात करून द्या. चोलपोननं कॅमेरा मिळवला होता. नवरी व्हायला तिची मैत्रीण आकमूर तयार झाली होती. नवरा म्हणून बेकसुलतान होता, हा इतका सालस मुलगा की आकमूरला खांद्यावर टाकण्याआधी दर वेळी "माफ कर हं" म्हणायचा. अडलं होतं ते म्हातारीपाशी.

कारण मुलगी कितीही झगडली, रुमाल फेकून दाराकडे धावली, तरी शेवटी घरातली सगळ्यात थोरली बाई उंबऱ्यावर आडवी पडते. मोठ्या माणसाला ओलांडायचं नाही, ओलांडलं तर जन्मभर भलं होत नाही, हे पोरींना रांगायच्या वयापासून सांगितलेलं असतं. चार पुरुषांना ओरबाडणारी पोर तिथं थांबते. जाहिरातीचा सगळा जीव त्या उंबऱ्यात होता, आणि गावातली एकही म्हातारी पडायला तयार नव्हती. एकीनं तर पोरांच्या मागे झाडू घेऊन धाव घेतली होती.

"किती वेळ पडायचं?" आपानं विचारलं.

"पाचच मिनिटं, आपा."

"फरशी गार असते गं. खाली गादी घालू द्याल का?"

"गादी कॅमेऱ्यात दिसेल."

"मग आतून लोकरीच्या दोन विजारी घालते. आणि घर माझंच घ्या, दुसरं कोण देणार आहे तुम्हाला!"

आपण हो का म्हणालो हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गल्लीत मात्र तिनं यातलं काही कळू दिलं नाही. शेजारच्या गुलबारानं खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "कॉलेजची पोरं जेवायला येणार आहेत." गुलबारा ही मनानं चांगली, पण तिच्या पोटात काही राहत नसे. शिवाय झुराकानचा मुलगा जानिश तिशी ओलांडून रशियात बांधकामावर राबत होता आणि अजून बिनलग्नाचा होता, याची काळजी आईपेक्षा गुलबारालाच जास्त होती.

शनिवारी दुपारी पोरं आली. कोपऱ्यात नवरीचा पडदा बांधला, आकमूरला त्यामागं बसवलं. तिला रडू येईना, तेव्हा आपानं स्वयंपाकघरातून अर्धा कांदा आणून दिला. "हा घे. माझी सगळी नोकरी याच्यावर रडण्यात गेली."

शेवटावरून मात्र वाजलं. संस्थेला शेवटी पोलीस हवे होते. चोलपोनला वाटत होतं, मुलीचा बाप यावा आणि तिला घरी न्यावी.

"हे कोण खरं मानणार?" तालमीसाठी फरशीवर पडल्या पडल्या आपा म्हणाली. "बाप येतो, चहा पितो आणि जातो. बाप असाच असतो."

"सगळे नसतात, आपा."

"तू किती पाहिलेस?"

चोलपोन चष्मा पुसू लागली. पडद्याआड आकमूर हातातला कांदा फिरवत राहिली.

मग आपा अंगणातल्या भट्टीवर चहाचं पाणी ठेवायला गेली, पोरं कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला गाडीकडे गेली, आणि नेमकी त्याच वेळी गुलबारा मागच्या दारानं आत शिरली. तिनं गाडीतून ओरडत आणलेली पोर खिडकीतून पाहिलीच होती. आता पडदा पाहिला, पांढरा रुमाल पाहिला. तिपाईवरचा कॅमेराही पाहिला, पण त्यानं तर तिची खात्रीच पटली, कारण हल्ली लग्नाला शूटिंगवाला नसेल असं घर कुठलं! जानिश गुपचूप रशियाहून आला आणि झुराकाननं आपल्याला सांगितलंसुद्धा नाही!

"कुणाची गं तू, बाळ?" तिनं पडदा सरकवून विचारलं.

आकमूरला वाटलं, चोलपोननं ही बाई प्रसंग रंगवायला आणलीय. कांदा चांगलाच लागला होता. ती हुंदके देत म्हणाली, "अतबाशीच्या ताश्तानबेकची मुलगी मी. मला घरी जायचंय!"

"सगळ्याच असं म्हणतात गं. रडू नकोस, सासू सोन्यासारखी आहे," असं म्हणून गुलबारानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि आली तशी निघून गेली.

आणि तिनं जे केलं ते शेजारधर्म म्हणूनच केलं. पोर पळवली की तिच्या घरी लवकरात लवकर कळवायचं असतं, म्हणजे राग शांत करायला माणसं जातात, बोलणी होतात. गुलबाराचा भाऊ अतबाशीतच राहत होता. तिनं फोन फिरवला, ताश्तानबेकचा नंबर मिळवला, स्वतःच गोड आवाजात बातमी दिली. मग तेलाची कढई चढवली. तासाभरात गल्लीतल्या बायका मैद्याच्या तळलेल्या गरम बोरसोकांची ताटं आणि उधळायला ओंजळभर गोड गोळ्या घेऊन आपाच्या अंगणात हजर. आपानं दार उघडलं आणि तिच्या डोक्यावर गोळ्यांचा पाऊस पडला.

"अभिनंदन गं झुराकान! सून आली!"

"कसली सून? कुणाची सून?" आपा केसांतून गोळ्या काढत ओरडली. "जाहिरात चाललीय इथं, मेल्यांनो! जानिश तिकडे विटा रचतोय!"

दोन क्षण कुणाला काही उमगलं नाही. मग अशी हसाहस झाली की बेकसुलतानच्या हातातलं बोरसोक खाली पडलं. एकटी गुलबारा हसत नव्हती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"झुराकान," ती म्हणाली, "मी तिच्या बापाला फोन केला."

आकमूर पडद्यामागून उठून बाहेर आली. तिनं फोन लावला, पुन्हा लावला. अतबाशीहून येताना खिंडीत फोन लागत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, तरी ती लावत राहिली. शेवटी आपापाशी येऊन हळूच म्हणाली, "आपा, माझ्या आत्याला असंच नेलं होतं. आजोबांनी तिला परत आणली नाही. तेव्हा बाबा आजोबांच्या बरोबर होते, ते काहीच बोलले नाहीत. आता ते आले आणि मला म्हणाले की राहा इथंच, तर? नाटक होतं हे कळल्यावर सगळे हसतील. पण मी सुट्टीत घरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

आपाला आपल्याच पडद्यामागचा दिवस आठवला. बाप आला होता. टोपी मांडीवर ठेवून बसला, चहा प्याला, मटण खाल्लं. त्याला कळावं म्हणून ती मुद्दाम खोकली होती. एकदा, मग जरा जोरात. त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि पडद्याकडे न बघता निघून गेला. "पोर आता तुमची," असं सासूला म्हणालेलं तिला ऐकू आलं होतं.

"ऊन उतरतंय," चोलपोन म्हणाली. ती घाबरली होती, पण चोलपोनच होती. "यायला अजून वेळ आहे त्यांना. उंबऱ्याचा प्रसंग तेवढा उरकून घेऊ?"

बायकांना अंगणाच्या टोकाला उभं केलं. आपा उंबऱ्यावर आडवी झाली. आकमूर आत, डोक्यावर रुमाल. कॅमेरा सुरू झाला आणि फाटकाशी गाडी करकचून थांबली.

ताश्तानबेक धिप्पाड, उन्हानं रापलेला मेंढपाळ होता. अंगात कामाचाच कोट, पायांत चिखलानं भरलेले बूट. कुणाकडे न बघता तो थेट दारापर्यंत आला आणि थांबला, कारण मध्ये आपा पडली होती. तिच्यापलीकडे त्याची मुलगी उभी होती.

एका वाक्यात सगळं मिटवणं आपाच्या हातात होतं. "अहो, हे नाटक आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या तोंडून निघालं ते तिच्या सासूचं वाक्य, जसंच्या तसं.

"पोर आता या घरची झाली. आत या, चहा घ्या."

आकमूरही रुमालाचं टोक मुठीत धरून बाप काय करतो ते बघत राहिली.

"चहा राहू दे," ताश्तानबेक म्हणाला. "आपा, तुम्ही माझ्या आईसारख्या. उठा, मी हात देतो."

"नाही उठणार."

"मग माफ करा. एकदा मी असाच दारात गप्प उभा राहिलोय. माझी बहीण अजून माझ्याशी धड बोलत नाही."

आणि तो तिला ओलांडून आत गेला. चिखलाचे बूट आपाच्या पोटावरून गेले. आकमूर पुढं होऊ लागली, तर तो ओरडला, "तू नको ओलांडूस! लागायचं ते पाप मला लागू दे!" त्यानं त्या एवढ्या थोरल्या पोरीला लहान मुलासारखी उचलली आणि परत आपाला ओलांडून बाहेर आला.

"बाबा, नाटक आहे! बाबा, कॉलेजचं नाटक आहे हे!" आता आकमूरला वाचा फुटली होती, पण त्याला ऐकू जाईल तर ना! गाडीचं दार उघडून तो तिला आत बसवायला लागला, तेव्हा गुलबारा आडवी आली आणि रडत रडत म्हणाली, "चूक माझी झाली हो भाऊ, माझी झाली!" बेकसुलतान सवयीनं "माफ करा हं" म्हणाला. कॅमेरा दिसला, लेकीची मैत्रीण चोलपोन दिसली, आणि एकदाचं ताश्तानबेकच्या डोक्यात सगळं शिरलं. तसा तो तिथंच गाडीच्या पायरीवर बसला. त्यानं टोपी काढून तोंडावर धरली आणि त्याचे खांदे हलायला लागले. आकमूर त्याच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती, आणि आता कांद्याचा काही संबंध नव्हता.

जाहिरातीत शेवट तोच राहिला. चोलपोननं त्यात एक शब्द घातला नाही की काढला नाही. संस्थेनंही मग पोलिसांचं नाव काढलं नाही.

पण त्या संध्याकाळी जाहिरातीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. आपा अजून उंबऱ्यावरच पडून होती. चोलपोन घाबरून धावली, "आपा, लागलं का कुठे?" तर म्हातारी छताकडे बघत खदखदून हसत होती, आणि डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं.

"उठव मला," ती म्हणाली. "कंबर धरलीय. आणि त्या माणसाला आत आण. आता त्याला चहा द्यायला पाहिजे."

सगळे दाटीवाटीनं बसले. बोरसोकांचा ढीग होताच, तो वाया जाणार होता थोडाच! गुलबारानं ताश्तानबेकपुढे एवढे ठेवले की त्याला समोरचं माणूस दिसेना. आपानं रीतीप्रमाणे अर्धीच वाटी चहा भरला, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा मागावा, आणि स्वतःच्या हातानं त्याच्यासमोर ठेवला.

"माझे वडीलही आले होते," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं प्रथमच कुणासमोर उच्चारलं होतं. "तेही इथंच बसले होते. चहा प्यायले आणि गेले. मी आत खोकत होते."

गुलबारा रुमालाशी चाळा करू लागली. ताश्तानबेकनं ओठांपर्यंत नेलेली वाटी खाली ठेवली. आता ती प्यावी की नाही, त्याला कळेना.

"अहो, प्या," आपा म्हणाली, आणि तिनं वाटी पुन्हा त्याच्या हातात दिली. "तुम्ही आधी पोरगी घेतलीत, मग चहा."

ताश्तानबेकनं चहा संपवला आणि वाटी पुन्हा तिच्यापुढे केली.