मोरचुदाच्या पाण्यातला थेंब

आमच्या घरातल्या पुरुषांना रक्ताविषयी बोलायला फार आवडतं. लग्न असो, बारसं असो, नाहीतर बांधावरचं भांडण असो, कुणीतरी मिशीवरून हात फिरवून म्हणणारच, "आमच्या रक्तातच फौज हाय!" मी कोरेगावच्या एका शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवते. रक्तात काय असतं ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. निम्म्याहून जास्त पिवळसर पाणी, त्यात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी, जखमेतून वाहणारं रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. फौज म्हणावी तर ह्या पांढऱ्या पेशींना, आणि त्या बिचाऱ्या गाजावाजा न करता लढतात. खऱ्या फौजेत गेलेला माणूस आमच्या घरात एकच, माझे सासरे. बाकीच्यांनी त्यांच्या जिवावर नुसत्या मिशा वाढवल्या.

गेल्या वर्षी उसाला पाणी सोडून घरी येताना सासऱ्यांच्या छातीत कळ यायला लागली. चाललं की कळ, थांबलं की बंद. हे हृदयाचं दुखणं आहे, मी पहिल्याच दिवशी सांगितलं. धाकटा दीर हसला. "आवं वहिनी, गॅस हाय त्यो. सुभेदाराचं काळीज, त्याला काय हुतंय?" मग ओवा झाला, सोडा झाला, छातीला तेल चोळून झालं. मी समजवायला गेले. हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायू. सगळ्या अंगाला रक्त पुरवतो, पण आतून एवढं रक्त वाहत असूनही त्याचं पोट त्यावर भरत नाही. महाधमनी जिथे निघते तिथेच दोन बारीक धमन्या फुटतात आणि हृदयाचा वाटा हृदयाला पोचवतात. त्या तुंबल्या की चालताना कळ येते. आठवीतल्या पोरांना हे एका तासात कळतं. माझ्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

महिन्याभराने सासरे अंगणातच खाली बसले, तेव्हा सगळ्यांची अक्कल जागेवर आली. मिरजेला नेलं. तीन धमन्या तुंबलेल्या निघाल्या. गुरुवारी बायपास ठरली. डॉक्टरांनी सांगितलं, बुधवारी संध्याकाळपर्यंत रक्तपेढीत चार बाटल्या रक्त जमा करा, कुठल्याही गटाचं चालेल. नाहीतर तारीख पुढे जाईल, आणि ह्यांना फार थांबवणं बरं नाही.

चार बाटल्या! मी मनात म्हटलं, इथे काय, रक्ताची नदीच आहे. बुधवारी सकाळी गावाकडून जीप भरून भावकी आली. दीर आणि माझा नवरा धरून नऊ जण. सासऱ्यांच्या खाटेभोवती उभे राहून म्हणाले, "काळजी करू नका, आमी हाय की!" आणि लिफ्टने खाली गेले ते थेट समोरच्या चहाच्या गाड्यावर.

तिथून एकेक निरोप यायला लागला. एकाला त्याच सकाळी साखरेचा आजार झाला होता, हातात दोन चमचे साखरेचा चहा. एकाचा म्हणे उपवास होता. वडापावचा कागद त्याच्या पायाशी पडला होता. पुतण्या भरतीची तयारी करत होता. "काकू, रक्त दिलं तर पळायला दम पुरायचा न्हाई." निदान हे खरं तरी बोलला. धाकट्या दिराने व्यायामशाळेत जाऊन दंड मांडीएवढे केलेत. तो म्हणाला, त्याला सुईचं वावडं आहे. माझ्या नवऱ्याने रक्तदाबाच्या गोळीचं कारण काढलं. ती गोळी त्याला एरवी रोज मी शोधून द्यावी लागते, त्या दिवशी मात्र आठवणीने घेतली होती. नाव मोठं, लक्षण खोटं, दुसरं काय!

दुपारी माझी जाऊ आणि नणंद जेवणाचा डबा घेऊन एसटीने आल्या. जाऊ सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आक्का, बायकांचं चालत न्हाई व्हय रक्त?" मला एकदम स्फुरण चढलं. चालतं म्हणजे काय, पळतं! जिना उतरता उतरता मी त्या दोघींना शिकवणीच सुरू केली. अंगात साडेचार-पाच लिटर रक्त असतं, त्यातलं एका पेल्याच्या आसपास घेतात, पाण्याचा भाग एकदोन दिवसांत भरून येतो, पेशी भरायला काही आठवडे लागतात. गाड्यासमोरून जाताना मी मुद्दाम आवाज चढवला. त्या नऊ तोंडांकडे बघताना मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

रक्तपेढीतल्या मुलीने निळ्या पाण्याची नळी पुढे ठेवली. जावेचं माहेर तासगावकडचं. ती म्हणाली, "हे तर मोरचुदाचं पाणी. आमच्यात द्राक्षावर मारत्यात." मुलगी हसली. मोरचूदच होता. रक्तात लोह पुरेसं असलं तर थेंब जड होऊन तळाला जातो, नसलं तर वरच राहतो. तिने जावेच्या बोटाला टोचलं. थेंब पाण्यात पडला आणि तरंगत राहिला. नणंदेचा थोडा खाली गेला, अडखळला, पुन्हा वर आला. मुलीने दोघींच्या कागदावर फुली मारली.

मग माझं बोट. मला खात्री होती. मी पगारदार बाई, शिकलेली, दर आठवड्याला शाळेतल्या मुलींना लोहाच्या गोळ्या स्वतःच्या हाताने वाटणारी. थेंब पडला. आम्ही तिघी त्या नळीवर वाकलो. तो पाण्यावर टेकून बसला, हलेना.

"मॅडम, तुम्ही नीट जेवता का?" मुलीने विचारलं.

आमच्या घरी पुरुष आधी जेवतात, मग पोरं, मग सासूबाई, मग आम्ही. पालेभाजीची कढई आमच्यापर्यंत येते तेव्हा तिच्यात चमचाच उरलेला असतो. शाळेतून येऊन मीही त्याच पंगतीला बसते. बावीस वर्षांत एकदाही मला हे फळ्यावर काढावंसं वाटलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गाड्यावरच्या त्या नऊ जणांची मला किळस आली होती. आता त्यात दहावी मी होते.

तिन्ही कागद घेऊन मी गाड्यावर गेले. "आम्ही देऊन बघितलं," मी म्हटलं. "आमच्या अंगात द्यायला रक्त नाही. तुमच्यात आहे, आम्ही वाढलंय त्यातलं. साडेचार वाजलेत. सहाला रक्तपेढी बंद होईल, आणि सहा वाजून एक मिनिटाने मी वर जाऊन मामंजींना सांगणार, खाली चहा प्यायला कोण कोण होतं ते. नावानिशी."

मग पुतण्या उठला. त्याच्यामागून उपवासवाला. दिराला दोघांनी धरून नेलं. सुई टोचताना त्याने डोळे गच्च मिटले आणि "आयो" म्हणाला. शेवटी माझा नवरा. तपासणाऱ्याने विचारल्यावर त्याने गोळीचं सांगितलं. तपासणारा म्हणाला, दाब ताब्यात आहे, काही अडचण नाही. झाल्या चार बाटल्या.

बायपास नीट पार पडली. सासरे आता सकाळी ओढ्यापर्यंत चालून येतात, कळ येत नाही. ते घरी आल्यानंतरच्या रविवारी मटण आणलं. सासऱ्यांना अळणी जेवण, पण भावकीला आमंत्रण होतं. ओट्यावर दीर पाव्हण्यांना सांगत होता, "कसंय, शेवटी आपलं रक्तच कामाला येतंय." पाव्हणे माना डोलावत होते. सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "कलेजी त्या चौघांना वाढा गं. रक्त गेलंय पोरांचं, भरून याया पायजे."

मी चार ताटल्या घेतल्या आणि वाढायला लागले. तिसऱ्या ताटलीपर्यंत तर माझ्या लक्षातही आलं नाही मी काय करतेय ते.

जाऊ चुलीजवळ उभी होती. तिने पातेल्यात हात घातला, कलेजीचा एक तुकडा उचलला आणि उभ्याउभ्याच तोंडात टाकला. दुसरा उचलून माझ्यापुढे धरला. म्हणाली, "घ्या, आक्का."

मी आधी दाराकडे बघितलं, कुणी येत तर नाही ना.