टाकी, भेग पडलेली

वर्तमानपत्राच्या इमारतीत जिन्याखाली एक लांबट खोली होती. कागदोपत्री तिचं नाव ‘संदर्भ विभाग’, तोंडी ‘तळघर’. ती तळघर नव्हती, पण तिथं एकदा बसलेला माणूस पुन्हा वर चढत नाही असा तिचा लौकिक होता. कात्रणबाई तिथं एकतीस वर्षं बसल्या होत्या.

रोज सकाळी अंकाच्या दोन प्रती त्यांच्या टेबलावर पडत. दोन अशासाठी की पानाच्या दोन्ही बाजू कापता याव्यात. लांब पात्याच्या कात्रीने बाई बातमी कापत, पाठीमागे तारीख आणि पान लिहीत, कात्रण खाकी पाकिटात घालत आणि पाकीट लोखंडी खणात. दुपारपर्यंत कालचं जग कापून, घडी घालून ठेवलेलं असे. उरलेला कागद जाळीसारखा भोकंभोकं होऊन टोपलीत जाई.

फोटोंच्या बाबतीत मात्र त्यांना एक खूळ होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका मंत्र्याने बारा महिन्यांत तीन पक्ष बदलले आणि बाईंना त्याची पाकिटं तीनदा हलवावी लागली. त्या वैतागल्या. पुढे उभा राहणारा आज इथं, उद्या तिथं. आपण मागचं नोंदवू, असं त्यांनी ठरवलं. एका लाकडी पेटीत त्यांनी स्वतःची वेगळी कार्डं सुरू केली. ‘पूल, कठडा तुटलेला.’ ‘झाड, एकाच अंगाने वाढलेलं.’ ‘खुर्ची, दुसऱ्या रांगेत, रिकामी.’ खाली तारीख आणि पान. वरच्या मजल्यावर या पेटीची टिंगल चाले. घरी नवरा म्हणे, “बरं झालं, लग्नाच्या फोटोत मी मागे उभा होतो. नाहीतर तू मला ओळखलं नसतंस.” पण इतक्या वर्षांत त्या पेटीतलं एक कार्ड कुणी मागितलं नव्हतं.

त्या खोलीकडे आणखी एक काम होतं. पान दोनवर, उजव्या कोपऱ्यात, ‘दुरुस्ती’ नावाची चौकट येई. काय छापलं होतं हे तळघरालाच ठाऊक, म्हणून चौकटीचा मजकूर तळघराने द्यायचा अशी जुनी रीत होती. पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं आणि थेट पान लावणाऱ्याच्या हातात द्यायचं. संपादकाची सही लागत नसे. एकदा एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक दिवंगत छापले गेले आणि स्वतःच तक्रार घेऊन जिना चढून आले. असल्या गोष्टींवर कोण सही करत बसणार?

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर एक दिवस चिवट खाली आला. चिवट हे त्याचं टोपणनाव. पन्नाशीचा बातमीदार, गालफडं बसलेली, एकदा एखाद्या गोष्टीला चिकटला की गोचीड बरा. त्याने टेबलावर तीन गावांची नावं लिहिलेला कागद ठेवला.

“बाई, या तिन्ही गावांत सरकारी दवाखाने झालेत. सरकारच्या फायलीत उद्घाटनाचे फोटो आहेत, आपणही छापलेत. मी तिन्हीकडे जाऊन आलो. पहिल्या गावात इमारत आहे, कुलूप लावलेली. दुसऱ्यात पाटी. तिसऱ्यातही पाटीच.”

“पाटी म्हणजे?”

“पाटी म्हणजे पाटी. मागे माळ.”

तिसरं नाव वाचून बाईंचा हात कागदावरच राहिला. त्या गावात त्यांची धाकटी बहीण राहत होती.

तीनही फोटो निघाले. सहा वर्षांपूर्वीचा, चार वर्षांपूर्वीचा, अडीच वर्षांपूर्वीचा. पिवळी इमारत, हिरवी इमारत, गुलाबी इमारत. तिन्हींत पुढे एकच मंत्री, कात्री हातात घेऊन फीत कापताना. चिवट भिंग घेऊन भिंती न्याहाळू लागला. बाईंनी भिंग घेतलंच नाही. त्या उठून लाकडी पेटीकडे गेल्या आणि एक कार्ड घेऊन आल्या. ‘टाकी, भेग पडलेली. शेजारी खांब, डावीकडे कललेला.’ खाली तीन तारखा होत्या. तिन्ही त्यांच्याच अक्षरात, तीन वेगवेगळ्या शाईंत.

चिवटने कार्ड वाचलं, फोटोंकडे पाहिलं. प्रत्येक इमारतीमागे तीच पाण्याची टाकी होती, वरून खाली दुभंगत गेलेल्या त्याच भेगेची. तिसऱ्या फोटोत भेगेवर कुणीतरी मोठं कापड टांगलं होतं, पण भेगेचं टोक खालून दिसत होतं आणि खांब तसाच कललेला.

“एकच इमारत,” तो हळूच म्हणाला. “नुसता रंग बदलत गेले. बाई, तुम्ही हे पकडलं होतंत!”

“पकडलं कुठं? लिहून ठेवलं,” बाई म्हणाल्या. “लिहून ठेवणं आणि बघणं एक नव्हे.”

चिवट आनंदात वर गेला. बाई बसूनच राहिल्या. त्यांच्या आत जे वर येत होतं ते आनंदासारखं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा गेला होता. पहाटे छातीत कळ आली. शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून तीन तासांवरच्या मोठ्या इस्पितळात नेत होते, अर्ध्या वाटेतच संपला. आठव्या दिवशी बाई तिच्याकडे गेल्या होत्या. बहीण भिंतीला टेकून बसली होती, आणि तिला काय विचारावं तर बाईंनी विचारलं, “अगं, पण गावातला दवाखाना? तिथं का नाही नेलं आधी?”

“कुठला दवाखाना, ताई?”

“सहा महिन्यांपूर्वी उघडला तो. पेपरात फोटो आलाय. मी स्वतः कापून ठेवलाय.”

“ताई, इथं दवाखाना नाही.”

“नीट चौकशी केली नसशील. तुझं नेहमीचंच आहे. वेळेला हातपाय गाळायचे.”

धाकटी उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही. बाई दुपारच्या गाडीने परतल्या. गाडी सुटायला तास होता, तेवढ्यात गावात फिरून बघावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. छापून आलेलं बघायला कशाला जायचं? त्यानंतर दोन वर्षं बहीण त्यांच्याशी बोलली नव्हती. भाची अधूनमधून फोन करी, “मावशी, आई बरी आहे,” आणि ठेवून देई.

आता बाईंना कळत होतं की त्या दिवशी आपण एका विधवेच्या घरात बसून एका रंगवलेल्या भिंतीची साक्ष काढली. मंत्र्याने माळावर पाटी लावली असेल, पण तिच्या नवऱ्याच्या मरणाचा ठपका बहिणीवर ठेवायला तो आला नव्हता. ते काम आपण केलं, फुकट.

चिवटने बातमी लिहून संपादकांकडे दिली. आठवडा गेला. मग दोघांना वर बोलावणं आलं. संपादक वयाने बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलणं लोण्यासारखं.

“काम उत्तम आहे, वादच नाही. पण हे फोटो आपल्या अंकातले आहेत. प्रसिद्धी खात्याकडून आले आणि आपण ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ म्हणून लावले. उद्या लोक म्हणतील, तुमचा प्रतिनिधी कुठे उभा होता?”

“बरोबरच म्हणतील,” चिवट म्हणाला.

“म्हणून जरा थांबू. योग्य वेळ आली की बघू.”

“साहेब, वेळ आहे कुणाकडे?” बाई म्हणाल्या. “तिथं माणसं आजारी पडायची थांबलेली नाहीत.”

संपादक त्यांच्याकडे पाहून हसले. कोपऱ्यातली खुर्ची अचानक बोलावी तसं काहीतरी त्यांना वाटलं असावं. “बाई, तुम्ही तुमच्या कात्र्या सांभाळा. आणि हो, महिनाअखेर ती खोली रिकामी करायची आहे. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. कागद रद्दीत देऊ.”

“कॉम्प्युटरमध्ये हे फोटो कुणाच्या नावाखाली आहेत?”

“मंत्र्यांच्या. आणखी कुणाच्या असणार?”

चिवटला त्याच दिवशी पुष्पप्रदर्शनाची बातमी करायला पाठवलं. जाताना तो जिन्याखाली डोकावला. त्याचा चेहरा विझला होता. “बाई, आता गुलाब मोजतो. निदान ते खरे असतील.”

बाईंनी त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने थट्टा केली नाही. म्हणाला, “निवृत्तीला अकरा महिने राहिलेत तुझे.”

“माहीत आहे.”

“मी आठवण करून दिली. अडवत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी तीन पिवळ्या चिठ्ठ्या घेतल्या. बातमी त्यांनी जन्मात लिहिली नव्हती आणि आताही लिहायची नव्हती. दुरुस्ती मात्र त्यांनी हजारो लिहिल्या होत्या, त्याच कोरड्या भाषेत. अमुक तारखेच्या अंकात पान तीनवर अमुक गावी आरोग्य केंद्राचे उद्घाटन झाल्याचे छायाचित्रासह प्रसिद्ध झाले होते. त्या गावात असे केंद्र नाही. छायाचित्रातील इमारत दुसऱ्या गावची असून ती याआधीही रंग बदलून छापली गेली आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत. एका चिठ्ठीत एक गाव, दुसरीत दुसरं. तिसरीत पहिल्या गावाबद्दल एवढंच: इमारत आहे, ती कुलूपबंद आहे.

पान दोन चार वाजता लागे. पान लावणारा मजकूर वाचत नसे, मोजत असे. लग्न असो की मरण, त्याच्या लेखी सगळ्या ओळीच. त्याने चिठ्ठ्या मोजल्या.

“बाई, आज चौकट मोठी होतेय.”

“चूक मोठी आहे.”

मग त्याने, बहुधा नोकरीत पहिल्यांदाच, वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. वर संपादकांच्या काचेच्या खोलीकडे नजर टाकली. नंतर गाद्यांच्या जाहिरातीला दोन बोटं कात्री लावली आणि म्हणाला, “बसते.”

सकाळी नऊपासून फोन सुरू झाले. अकरा वाजता संपादक स्वतः जिना उतरून तळघरात आले. तिथं ते याआधी कधी आले नव्हते. दारात त्यांचं डोकं आपटलं.

“कुणाला विचारून? सही कुणाची घेतलीत?”

“लागत नाही. तुमच्या आधीच्या आणि त्यांच्याही आधीच्या संपादकांची लेखी सूचना आहे. पाकिटात आहे, काढून देऊ?”

“तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?”

“दुरुस्ती,” बाई म्हणाल्या. “यात एक अक्षर खोटं असेल तर सांगा. उद्या त्याचीही दुरुस्ती देईन.”

संपादक वळून जिना चढून गेले. उत्तर संध्याकाळी लेखी आलं. उद्यापासून येऊ नये.

पुढे जे झालं ते सगळीकडे होतं तसंच झालं. बाकीच्या वर्तमानपत्रांनी ती चौकट जशीच्या तशी उचलली. सभागृहात आरडाओरडा झाला. मग चौथ्या दिवशी बाईंच्याच वर्तमानपत्राने चिवटची बातमी पहिल्या पानावर घेतली आणि वर मथळा दिला: ‘आम्हीच प्रथम उघड केले!’ चौकशी नेमली गेली. ज्याने भिंतींना रंग दिला त्या ठेकेदाराचं नाव काळ्या यादीत गेलं. ज्यांनी रंग बदलायला लावला, त्यांना खातं बदलून मिळालं. आता ते शिक्षण सांभाळतात. लाकडी पेटी चिवटने रद्दीच्या गाडीतून ओढून काढली आणि बाईंच्या घरी पोचवली. “तुमच्या जिवावर गुलाबांतून सुटलो,” म्हणाला, आणि तोंड फिरवून डोळे पुसून गेला.

त्या आठवड्यात बाई धाकटीच्या गावी गेल्या. गाडीत त्यांनी बोलायचं सगळं मनात जुळवलं होतं. धाकटी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने वळून पाहिलं, ‘ये’ म्हणाली नाही, ‘जा’ही म्हणाली नाही.

“वाचलंस?” बाईंनी विचारलं.

“पोरीने वाचून दाखवलं. पेपर दिलगीर आहे म्हणे.”

“हो.”

“आणि तू?”

जुळवलेलं सगळं सांडलं. “तू खरं सांगत होतीस,” बाई म्हणाल्या. “मी तुझं ऐकलं नाही. माणूस समोर बसलेलं होतं आणि मी कागदाची बाजू घेतली. तुझी चूक नव्हती. काहीच चूक नव्हती.”

धाकटीने बादलीतून चादर उचलली आणि म्हणाली, “ते टोक धर.” दोघींनी दोन्हीकडून चादर पिळली. पाणी दोघींच्या पायांवर पडलं.

“मला ते दाखव,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“जे इथं नाही ते.”

गावाबाहेर रस्त्याला लागून ती पाटी होती. निळ्यावर पांढरी अक्षरं, अजून ताजी. सवयीने बाई आधी मागे गेल्या. मागे दगड होते, वाळलेलं गवत, आणि लांबवर काहीच नाही. त्यांच्या पेटीत याचं कार्ड कधी झालं नसतं. इथं कुणी फोटो काढलाच नव्हता.

“टेम्पो इथूनच गेला,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज साधा होता, आणि तेच ऐकवत नव्हतं. “नुकतं उजाडलं होतं. यांना भान नव्हतं. पाटी दिसली तसे म्हणाले, थांबवा, आला दवाखाना. मी म्हटलं, नाही हो, पुढे आहे. तर माझ्यावर चिडले. म्हणाले, लिहिलंय ना तिथं.”

बाईंना वाटलं, आपण हेच बोललो होतो. तो मरता मरता, आणि आपण धडधाकट.

त्यांनी दोन्ही हातांनी पाटीचा खांब धरला आणि हलवून पाहिला. धाकटीनेही हात लावला. दोघींनी मिळून जोर केला. खांब तसूभर हलला नाही. खाली चांगला हातभर सिमेंटचा चौथरा होता, कडा नीट घासून काढलेल्या. त्या कामात कुणी कसूर केली नव्हती.

बाईंनी तळहात झटकले. लाल झाले होते.

“घरात पहार आहे का गं?”

“आहे,” धाकटी म्हणाली. “दोन आहेत.”