दगडाबाईनं ठेवलेलं नाव

जिंतूरला आमच्या गल्लीत दगडाबाईला तिचं नाव विचारायची कुणाची टाप नव्हती. "रंगनाथाचं घर म्हणलं की कोनीबी दावतंय. अजून काय पाहिजे?" असं म्हणून ती चालू लागायची. बायका नवऱ्याचं नाव लाजत घेतात. हिचं उलटंच होतं. नवऱ्याचं नाव ठणकावून घ्यायची आणि स्वतःचं घशातच गिळायची. मी नवी नवरी म्हणून तिच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मला ती नुसती मावशी म्हणूनच माहीत होती. नाव कळलं ते रंगनाथ एकदा चिडून ओरडले तेव्हा.

ते नाव पडायचं कारण तसं साधं होतं. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. ही जन्मली तेव्हा तिच्या आईनं, पार्वतीबाईनं, हिला उकिरड्यावर ठेवलं, दुसऱ्या बाईकरवी उचलून परत घेतलं आणि नाव ठेवलं दगडा. दगडाला कोण उचलून नेतंय, असा तो हिशेब. तो बरोबर निघाला. ती जगली, तिच्या पाठचा नागनाथही जगला. लग्नात तरी नाव बदलेल, अशी तिला फार आशा होती. पण सासू म्हणाली, "ज्या नावानं जीव राह्यला ते मोडू न्हाई," आणि विषय संपला.

म्हणून माहेरी, चारठाण्याला, नागनाथाला पहिली लेक झाली, तेव्हा ही हवेतच होती. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. हिनं ठेवलं जानकी. पार्वतीबाई कुरकुरली की सीतामाईचंच नाव ते, वनवास मागं लागतो. दगडाबाईनं तिथल्या तिथं सुनावलं, "सीता सासरची, जानकी बापाच्या घरची. वनवास सीतेला झाला. जनकाच्या घरी कुठं होता?" हा तिचा युक्तिवाद मला अजूनही पटतो. पण जानकी दिवाळीच्या आत तापानं गेली. दगडाबाईला तोंडावर कुणी काही बोललं नाही. ती माहेरी गेली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या, एवढंच. आणि ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

पुढं एकोणऐंशीच्या हिवाळ्यात नागनाथाच्या बायकोला, सुलाला, दुसरी मुलगी झाली. बारशाचा निरोप आला आणि दगडाबाईचं चित्त थाऱ्यावर राहिना. भाकरी तव्यावर करपली. दळण गिरणीत ठेवून रिकाम्या हातानं घरी आली. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली.

"मी जात न्हाई," मला म्हणाली. "मला ताप आलाय म्हणून सांगावा धाड."

"मावशी, आत्याच गेली नाही तर नाव कोण ठेवणार?"

"मी ठिवलं की मरतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तीच माझ्या दारात उभी, हातात पिशवी, आणि मला सोबत चल म्हणाली.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे ते दिवस. मोर्चे चालू होते, धरपकड चालू होती, एसटी सुटेल तेव्हा सुटेल. स्टँडवर पोलिसांची गाडी उभी होती. एका नावापायी लोक जेलात जायलेत, असं कुणीतरी कुत्सितपणे म्हणालं. दगडाबाई त्याच्यावर उखडली. "जातीनच. नाव म्हंजे काय थट्टाय व्हय?"

ती बाकावर बसेना. येरझाऱ्या घालत नावं पुटपुटत होती आणि एकेक मोडीत काढत होती. "द्रौपदा नगं, भरल्या सभेत इटंबना झाली तिची. रुक्मिनी देवाजवळ असून रुसून एकलीच ऱ्हायली. सावित्री ठिवावं तर आधी यम दारात येतोय. अन् अहिल्या? ती तर दगडच झाली की." मग थांबून म्हणाली, "जुन्या नावात बाईचं एक नाव सुखाचं न्हाई बघ." मला हसू आलं होतं. तिचा चेहरा पाहिला आणि ते ओठातच राहिलं.

चारठाण्याला पोचलो तर पाळणा बांधून तयार, घुगऱ्या शिजलेल्या. पार्वतीबाईनं लेकीला दारातच बजावलं, "ह्या बारीला धोंडाबाई ठिव. देखन्या नावाचे लाड बास झाले." दगडाबाई तशीच आतल्या खोलीत सुलापाशी जाऊन बसली.

"तुझ्या मनातलं सांग. चांगलं नाव पाहिजे असंल तर मी मायशी भांडते."

सुला बाळाकडेच बघत होती. "वन्सं, तुमचं ठिवा."

"माझं काय?"

"नाव. तुमचंच."

दगडाबाईला राग आला, अगदी खरा राग. "जलमभर लोक हासायलेत त्याला. शाळंत पोरं मला ठेच लागली म्हनून वराडायची. त्येच पोरीच्या गळ्यात बांधतीस?"

"हासू द्या," सुला म्हणाली. "मला पोरगी पाहिजे."

दगडाबाई उठली आणि पाळण्यापाशी गेली. बाळाच्या कानाशी वाकली. नाव घेताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत, ते बायकांनी हौसेनं घातले. त्यांचे हात थांबले तरी ती वाकलेलीच होती. परत येताना वाटेत एवढंच म्हणाली, "माझी पीडा लेकराला देऊन आले."

पुढची वर्षं तिनं धडपणे काढली नाहीत. चारठाण्याकडून कुणीही आलं की पोरगी कशीय, हे आधी विचारायची आणि मग पाणी द्यायची. पोरगी मात्र खणखणीत निघाली. गोवर आला, गेला. झाडावरून पडली, उठून पुन्हा चढली. शाळेचं वय झालं तेव्हा मूलबाळ नसलेल्या दगडाबाईनं हट्टानं तिला जिंतूरला आणलं. मला हळूच म्हणाली, "आता भ्या टळलं. शाळंत गिरिजा लिव्हायचं. गिरिजा म्हंजे डोंगराची लेक. कुनी हासनार न्हाई." त्या नावावर ती इतकी खूष होती की पोरीला सांगायचंच विसरली.

शाळेत मीही गेले होते. गुरुजींनी नाव विचारलं. दगडाबाई म्हणाली, "गिरिजा नागनाथ."

पोरीनं तिचा पदर ओढला. "आत्या, मी दगडा हाय की."

"ते घरचं. हितं गिरिजा. लय चांगलं नाव हाय."

"दगडा चांगलं न्हाई का?"

पोरगी तिच्याकडे एकटक बघत होती. तिला खरंच कळत नव्हतं. "तूच दिलं ना मला? मग आता वापस कामून मागायलीस?"

गुरुजी पेन धरून थांबले होते. "बाई, काय लिहू?"

"दगडा लिव्हा," ती म्हणाली. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गुरुजींना म्हणाली, "माझंबी त्येच हाय."