पांढऱ्या साडीचा उजेड

ट्यूबलाइट घेताना मी आधी विचारते, उजेड निळसर आहे की पिवळसर. हे मला माझ्या लग्नानं शिकवलं. आम्हा बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. अकोल्याला जठारपेठेतल्या दुकानात, निळसर ट्यूबखाली, साडी पांढरीशुभ्र दिसली. घरी अंगणात उघडली तर पिवळट. लग्न परवावर आलेलं.

आई मला घेऊन तडक दुकानात गेली. दुकानदारानं साडी पुन्हा ट्यूबखालीच पसरली.

"पांढरीच तर हाये, ताई."

"पयले लाइट बंद कर, मंग सांग मले."

तो नुसता हसला. आईनं काउंटरमागं जाऊन स्वतःच बटण दाबलं. दारातल्या उन्हात साडी पिवळट दिसली. शेजारी साड्या निवडणाऱ्या अनोळखी बायका आपापल्या साड्या उचलून दाराकडे निघाल्या.